माझ्याच वयाचं जुनं शहर

आमच्या घरात सकाळचा चहा पूजेनंतर मिळायचा, आणि पूजा म्हणजे देवघरापुढं बसून घंटी वाजवणं नव्हे. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाचा देव प्रत्येकाच्या गळ्यात. पोर जन्मलं की मठातले स्वामी येऊन त्याला इष्टलिंग बांधतात. सुपारीपेक्षा जरा मोठं, काळं, गुळगुळीत असं ते लिंग माणूस मातीत जाईपर्यंत त्याच्या अंगावर राहतं आणि पुरताना त्याच्या डाव्या तळहातावर ठेवलं जातं. आंघोळी उरकल्या की अप्पा, आई आणि मी ओळीनं बसायचो. गळ्यातली चांदीची डबी, तिला आम्ही चौका म्हणतो, उघडून आपापलं लिंग डाव्या हातावर घ्यायचो आणि त्यावर पळीभर पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचो. घराच्या मागं पूर्णा जंक्शनचं यार्ड होतं. शंटिंगचे डबे नेमके त्याच वेळेला एकमेकांवर आदळायचे आणि अप्पांचे मंत्र त्यात बुडून जायचे. अप्पा थांबायचे नाहीत. त्यामुळं मी चांगला बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत मला त्या मंत्रांमधले काही शब्द माहीतच नव्हते.

अप्पांचं स्टेशन रोडवर ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. पेडगावपासून इकडच्या सगळ्या शिवारातली बंद पडलेली इंजिनं बैलगाडीत घालून त्यांच्या दारात यायची. शाळा सुटली की मी दुकानात. अप्पांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते कानस चालवणं. लोखंडाचा तुकडा शेगड्यात, म्हणजे टेबलाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, आवळायचा, दोन्ही हातांनी कानस धरायची आणि हात जमिनीशी सरळ ठेवून घासायचं. "घाई कराय लागलास की मदी फुगवटा येतो बघ," ते म्हणायचे. त्यांनी घासलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर मधून उजेड दिसायचा नाही. मला ते जमायला तीन वर्षं लागली. दुपारी आई डबा पाठवायची: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, कारळाची चटणी, कधी हरभऱ्याची घोळलेली भाजी. हात काळे असायचे, म्हणून आम्ही भाकरी कागदात धरून खायचो. आज माझ्या ताटात चमचा असतो आणि तरीही काहीतरी सांडतंच.

आईचे एक मामा होते. गोदावरीत बुडी मारताना त्यांचा शिवदोरा, म्हणजे चौक्याचा धागा, तुटला आणि लिंग वाहून गेलं. गळ्यात लिंग नसताना अन्न घ्यायचं नाही हा आमच्यातला नेम. मामा पाच दिवस उपाशी राहिले. मग स्वामींनी येऊन विधी करून त्यांना नवं लिंग दिलं. शास्त्रानं सगळं रीतसर झालं. पण आमच्या घरात त्यांचं नाव पुढं कायम 'दुसऱ्या लिंगाचे मामा' असंच राहिलं. आईच्या त्या बोलण्यात टोमणा नसायचा. एखाद्याला उंच म्हणावं तसं ती ते म्हणायची. तेच मला लहानपणी जास्त भयानक वाटायचं. माणूस साठ वर्षं नीट वागला, पोरींची लग्नं केली, गावाचं भलं केलं, आणि उरलं काय तर एवढंच.

डिप्लोमा करून मी उत्तरेकडच्या एका ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागलो. त्या कारखान्याचं पोलंडशी काहीतरी जमलं आणि आम्हां सहा जणांना वर्षभर शिकायला वॉर्साला पाठवायचं ठरलं. अप्पांना ते नाव बोलता यायचं नाही. ते दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमचं पोरगं वारसाला जायलंय." त्यावर एका पाटलानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "कोन वारलं? आन जमीन किती हाय?" अप्पांनी त्याला नकाशा काढून दाखवला. तरी तो जाताना म्हणाला, "परदेशातली जमीन हाय, वकील चांगला बगा." आईनं मला भस्माच्या पुड्या दिल्या, बेलाची पानं वाळवून एका वहीत घालून दिली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी चालत चालत एवढंच म्हणाली, "बाकी काय बी जाऊ दे. लिंग सांबाळ."

परदेशाचं वर्णन मी करत नाही, ते आता पोरांच्या मोबाइलमध्ये जास्त चांगलं दिसतं. माझ्या लक्षात राहिलं ते बीट. सूप बीटाचं, कोशिंबीर बीटाची, आणि मी मांस खात नाही असं कळलं की वाढणारी बाई मनापासून आणखी थोडं बीट वाढायची. आम्ही कारखान्याच्या वसतिगृहात राहायचो. दारावरच्या टेबलाशी हालिना नावाची चाळिशी ओलांडलेली बाई किल्ल्या सांभाळत बसायची. पहिल्याच आठवड्यात मी तिथल्या बाकावर बसलो होतो. एक कामगार आला आणि टेबलावर वाकून तिला म्हणाला, "प्रोशे पानी." आमच्या पूर्णेत पाण्याला पानीच म्हणतात. बाई जागची हलली नाही. तो पुन्हा म्हणाला, पानी. मग तिसऱ्यांदा. मला राहवलं नाही. तहानलेल्याला एवढा वेळ कोणी ताटकळत ठेवतं का? मी उठलो, नळावरून ग्लास भरला आणि त्याच्या हातात दिला. तो ग्लासाकडं बघत राहिला. त्यांच्या भाषेत पानी म्हणजे 'बाई', प्रोशे पानी म्हणजे 'अहो बाई', आणि तो बिचारा किल्ली मागत होता. हालिनाला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हसली. तेव्हापासून मी आलो की ती हात वर करून म्हणायची, "पानी!" मग मी तिला खरोखर ग्लासभर पाणी आणून द्यायचो. माझं पोलिश तिनंच सुधारलं.

शरद ऋतूतला एक शनिवार होता. कारखान्यात कपडे बदलताना माझा शिवदोरा तुटला. तो कुठल्याही सुतळीनं बांधता येत नाही, म्हणून मी चौका कोटाच्या खिशात ठेवला. गळ्यात काय नि खिशात काय, अंगावर आहे म्हणजे झालं, अशी मनाची समजूत काढून जेवलोही. सोमवारी काहीतरी करू असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी हालिना मला 'जुनं शहर' दाखवायला घेऊन गेली. वॉर्साच्या एका भागाचं नावच तसं आहे. मी मनात दौलताबाद धरून गेलो होतो: शेवाळ, वटवाघळं, ढासळलेले बुरूज. ट्राममधून उतरून चौकात आलो तर समोर चार बाजूंनी पिवळी, हिरवी, विटकरी रंगाची उंच घरं, कमानी, लोखंडी पाट्या, कबुतरं, घोडागाडी. सुंदर होतं, नाही असं नाही. पण माझी नजर कानशीवर तयार झालेली. खिडक्यांच्या ओळी सरळ, भिंती ओळंब्यात, कुठं पोट आलेलं नाही. चारशे वर्षांची घरं इतकी सरळ कशी उभी राहतील? मी तसं विचारलं. हालिना म्हणाली, "चारशे कुठली? ही तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असतील."

मग तिनं चालता चालता सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं इतक्या सरळ आवाजात. युद्धाच्या शेवटी जर्मनांनी हे शहर नुसतं जिंकलं नव्हतं, घर घर मोजून सुरुंगानं उडवलं होतं. उरला तो विटांचा ढीग. मग देशभरातून माणसं आली. जुन्या चित्रकारांची चित्रं, विद्यार्थ्यांनी युद्धाआधी काढून लपवून ठेवलेले आराखडे, लोकांच्या आठवणी, असं सगळं समोर ठेवून होतं तसं परत बांधलं. चित्रकारानं शोभेसाठी घातलेली नक्षीसुद्धा काही ठिकाणी खरी समजून बांधली गेली. ती स्वतः तेव्हा शाळकरी पोर होती आणि रांगेत उभी राहून विटा हातोहात पुढं द्यायची. मी ऐकत होतो आणि मला फसवल्यासारखं वाटत होतं. रविवार घालवून, थंडीत कुडकुडत, मी एक नक्कल बघत होतो. माझ्याजवळ पोलिश शब्द थोडे. कारखान्यात बनावट सुट्या भागाला जो शब्द वापरतात तो मला चांगला येत होता. तोच मी वापरला. म्हणालो, "म्हणजे हे नकली आहे."

हालिना थांबली. तिनं एका हिरव्या घराच्या तिसऱ्या मजल्याकडं बोट केलं. "त्या खिडकीत मी राहते," ती म्हणाली. "मग मी कुठं राहते?" ती मला वर घेऊन गेली. सूप वाढलं, बटाटा आणि चक्का भरून उकडलेल्या करंज्या वाढल्या. खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्यांच्या शेजारी अर्धी वीट ठेवलेली होती. मी विषय बदलायचा म्हणून त्या विटेबद्दल विचारलं. ती म्हणाली, "आमच्या आधीच्या घराची. वडील त्याच्याच ढिगाऱ्याखाली राहिले." एवढं बोलून तिनं माझ्या ताटात आणखी दोन करंज्या टाकल्या. मी त्या खाल्ल्या. माझ्या त्या शब्दाची मला लाज वाटत होती, पण माफी मागण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती, आणि असती तरी त्या वयात मागितली असती की नाही कोण जाणे.

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी पूजेला बसलो. चौका उघडला तर रिकामा. झाकण खिशात सैल झालं होतं. मी कोट उलटा केला, अस्तर फाडलं, गादी उचलली, खोलीतल्या जोडीदाराचे बूटसुद्धा झटकले. नाही. आदल्या दिवशी रुमाल काढताना, हातमोजे काढताना, त्या चौकात, ट्राममध्ये, जिन्यात, कुठंही ते पडलेलं असू शकत होतं. देव रागावेल याची भीती नव्हती. मला आईचा आवाज ऐकू येत होता, रागाचा नव्हे, साधाच: दुसऱ्या लिंगाचा. आणि तिथं नवं लिंग द्यायला स्वामी तरी कुठून आणणार? परतायला सात महिने होते. सात महिने कोणी उपाशी राहू शकत नाही हे मलाही कळत होतं. पण त्या सोमवारी मी जेवलो नाही.

मंगळवारीही नाही. पाणी प्यालो, ते कबूल करतो. पाळी संपली की ट्राम पकडून जुन्या शहरात जायचो आणि मान खाली घालून दगडी फरशीच्या फटीफटीतून फिरायचो. सुपारीएवढी काळी वस्तू शोधायला निघा, मग कळतं जगात काळं काय काय पडलेलं असतं. कोळशाचे खडे, बटणं, बुटाच्या टाचा. बुधवारी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मी गुडघ्यावर बसून एका गटाराच्या जाळीत बघत होतो. तेवढ्यात शेजारी हालिना येऊन उभी राहिली. वसतिगृहात माझ्या न जेवण्याची बातमी पोचली होती. तिनं विचारलं, "काय हरवलं?" मी म्हणालो, "देव." ती हसली नाही. "केवढा?" मी तळहातावर बोटानं आकार काढून दाखवला. तिनं कोट सावरला आणि त्या थंड फरशीवर माझ्याशेजारी गुडघे टेकले. आम्ही दोघं तासभर शोधत होतो. लोक वळसा घालून जात होते. शेवटी ती म्हणाली, "त्याच्याशिवाय जेवायचं नाही? मग नाही सापडला तर?" मी "माहीत नाही" म्हणालो आणि मला रडू फुटलं. बावीस वर्षांचा घोडा मी, भर चौकात परक्या बाईसमोर रडलो.

तिनं मला वर नेलं. खिडकीतली ती अर्धी वीट उचलून जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवली आणि हातोडीनं तिचा कोपरा फोडला. अक्रोडाएवढा तुकडा माझ्यापुढं धरून म्हणाली, "सापडेपर्यंत हा वापर." मी नकारार्थी मान हलवली. देव असा वापरायला देतात का? त्याला स्वामी लागतात, मंत्र लागतो. हे तिला कसं सांगायचं? ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं फक्त एक शब्द उच्चारला, रविवारी मी वापरलेला तोच. "नकली?" मी तो तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं. मी वीट फडक्यात गुंडाळून शेगड्यात हलकीच आवळली आणि कानस लावली. लोखंड कानशीशी भांडतं, वीट भांडत नाही, ती नुसती गळून पडते. दोनदा कडा तुटली. हात सरळ, घाई नको, असं मनात म्हणत मी तिला गोल केलं, खाली बैठक ठेवली, पॉलिशपेपरनं घासलं. चौक्यात घालून बघितलं तर सुतभरही फट नव्हती. अप्पांनी बघितलं असतं तर काम पास केलं असतं, कामाचं कारण विचारलं नसतं तर. दिव्याची काजळी तेलात कालवून मी वरून काळा हात दिला. शुक्रवारी सकाळी ते डाव्या हातावर घेतलं आणि पळीभर पाणी घातलं. माझ्या जुन्या लिंगावरून पाणी ओघळून जायचं. यानं ते पिऊन टाकलं. बारीक बुडबुडे आले आणि पाणी संपलं. मी तसाच बघत बसलो. मग खाली जाऊन दोन वाट्या बीटाचं सूप प्यालो. इतकं चांगलं मला त्या देशात पुन्हा काही लागलं नाही.

परत आलो तेव्हा स्टेशनवर अप्पांचं अर्धं गिऱ्हाईक जमलं होतं. पाटलानं जमिनीचं काय झालं ते विचारलं. मी आईला सगळं सांगितलं: बर्फ, ट्राम, बीट, पाण्याचा घोटाळा, सुरुंगानं उडवलेलं शहर. ती म्हणाली, "आन पुन्ना तसंच बांदलं? लय चिवट लोकं म्हनायचे." लिंगाचं मात्र मी सांगितलं नाही. कारखान्यातून सुट्टीला घरी आलो की रोज सकाळी ओळीत बसून मुठीआड धरून पूजा करायचो. स्वामी घरी येऊन गेले तेव्हा तर मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो. त्यांना सांगणं सोपं होतं, त्यांनी विधी करून नवं दिलं असतं. पण मग ते सगळ्यांना कळलं असतं. आज या वयात, ते जुनं शहर आणि मी दोघंही सत्तरीच्या आसपास आलो असताना, मी ते पहिल्यांदा लिहितोय. माझ्या मुलानं हे वाचलं की त्याला कळेल, शेवटी आपण वडलांच्या हातावर काय ठेवणार आहोत. ठेवायचं की नाही ते त्यानं ठरवावं.

पोलंडहून आल्यावर वर्ष झालं असेल, सुट्टीत घरी असताना मला कावीळ झाली. उठून बसायची ताकद नव्हती. घरात आजारी माणसाची पूजा दुसऱ्यानं करायची पद्धत. आईनं माझ्या गळ्यातला चौका काढून घेतला तेव्हा मी तिचा हात धरायचा प्रयत्न केला, पण ताकदच नव्हती. ती माझ्या खाटेजवळ बसली, लिंग काढलं आणि डाव्या हातावर ठेवलं. काजळी केव्हाच उतरली होती. ते लाल होतं. ती थांबली. ते उजेडाकडं धरून बघितलं, अंगठा फिरवला, बोटाला लागलेली लाल भुकटी बघितली. बाहेर अंगणात अप्पा दात घासत होते. मी डोळे मिटून घेतले आणि ती त्यांना हाक कधी मारते याची वाट बघत राहिलो. हाक आली नाही. पाणी घातल्याचा आवाज आला, मग भस्माच्या डबीचं झाकण. अकरा दिवस ती रोज माझी पूजा करत होती आणि अकरा दिवस मी रोज त्या हाकेची वाट बघत होतो.

बाराव्या दिवशी मी उठून बसलो. अप्पा दुकानावर गेले होते. आईनं चौका माझ्या हातात दिला, चहाची कपबशी शेजारी ठेवली आणि चुलीकडं वळता वळता, माझ्याकडं न बघता म्हणाली,

"रोज आंगूळ नको घालत जाऊस त्याला. नुसतं भस्म लाव. इटंचं हाय ते, झिजायलंय."